तुंबे शिवणाऱ्याचा सिनेमा

कुदुगू, ९ फेब्रुवारी

माझा गुलाम नोबिला निकिएमा यास, त्याच्या मालकाकडून, म्हणजे मातियास पारेकडून, अनेक लाथा.

बारा दिवस झाले, तुझा फोन नाही. मी केला तर तुझी बायको उचलते आणि म्हणते, "ते कामात आहेत, भाऊ." भाऊ! बावीस वर्षांत त्या बाईनं मला 'कुत्र्याचं डोकं खाणारा' सोडून दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती. मी फोन ठेवला आणि नंबर बरोबर लावला होता ना, हे दोनदा तपासलं.

मी काय केलं ते तरी सांग. मला खरंच कळत नाही, आणि न कळणं हा माझा स्वभाव नाही. मी रेडिओवरचा माणूस. मयतीची, बारशाची, हरवलेल्या बैलांची निवेदनं वाचतो. कोण मेलं, कुणाचा बैल कुठल्या रंगाचा, सगळं मला आधी कळतं आणि मग प्रांताला.

तुझ्या सिनेमाचा पहिला खेळ. दुपारी चारची वेळ, आपलंच थिएटर, जिथं तू आणि मी शाळा बुडवून तिकीट फाडणाऱ्याच्या काखेखालून आत घुसायचो. तीनशे माणसं. तू सात वर्षं घासून बनवलेला सिनेमा. पडदा उजळला. एक माणूस गावाबाहेर, पाणवठ्याच्या पलीकडे, एका झाडाखाली बसून फुटका तुंबा शिवतोय. बरं. मग अजून शिवतोय. मग सुई ओवतोय. मग परत शिवतोय. अकरा मिनिटं, नोबिला! मी घड्याळ लावून मोजली. ना गाणं, ना बोलणं, ना कुणाचा निवेदनाचा आवाज. (आवाजाबद्दल मी काही बोलत नाही. तो तुझा निर्णय होता.) कुणीतरी काहीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणून मी बोललो. "अरे, याला कुणीतरी बायको द्या, नाहीतर हा तुंब्याशीच लग्न लावेल! मोसी माणसाकडून दुसरी काय अपेक्षा!" सगळं थिएटर हसलं. मग मागून कुणी ओरडलं, मग पुढून. शेवटपर्यंत जत्रा. माझ्या मते लोकांना तुझा सिनेमा खूप आवडला.

दिवे लागले. तू मंचावर येणार होतास, आला नाहीस. दारात उभा होतास. मी वाट बघत होतो की तू माझ्या आईबापाचा उद्धार करशील. तू हात पुढे केलास आणि म्हणालास, "आल्याबद्दल आभारी आहे, श्रीयुत पारे."

मला वाटलं हीही थट्टाच. मी हसलो. तू हसला नाहीस.

आता कायद्याचं बोलू. सामोनं मोसीला वाट्टेल ते बोलावं आणि मोसीनं सामोला, आणि रागवायचं नाही, रागावला तो हरला. हे तू किंवा मी ठरवलेलं नाही. आपल्या खापरपणज्यांनी ठरवलं. या नात्यामुळं दोन जमातींमध्ये कधी सुरी निघाली नाही. तुझ्या लग्नात मी नवरीला सांगितलं की हा झोपेत मुततो, तेव्हा तू रागावलास का? माझ्या बापाच्या मयतीत तू त्याचा चष्मा लावून फिरलास, मी रागावलो का? मग कायदा कुणी मोडला, मी की तू?

आणि हो, मा तिपोकोला कानाच्या डॉक्टरकडे ने. नवं कापड गुंडाळून पहिल्या रांगेत बसली होती, बाहेर येताना मला म्हणते, "मला झोप लागली होती का रे? काहीच ऐकू आलं नाही." म्हातारीचे कान गेले.

लवकर शिव्या लिही.
तुझा मालक,
मातियास


कुदुगू, २३ फेब्रुवारी

नोबिला,

तुझं पत्र मिळालं. टंकलेलं. 'माननीय श्री. मातियास पारे यांस. आपले पत्र मिळाले. मजकुराची नोंद घेतली. आपणास व आपल्या कुटुंबीयांस उत्तम आरोग्य लाभो.' खाली सही. मी कागद उलटा केला, उन्हात धरला, पाकिटात बोट घालून पाहिलं. शिवी कुठं सापडली नाही.

ओदिलला दाखवलं तर माझीच बायको मला म्हणाली, "किती छान लिहिलंय. तुम्हाला असं पत्र आजवर कुणी लिहिलं होतं?"

"म्हणूनच तर विचारतोय. यात काहीतरी भयंकर आहे."

"तुम्हाला चांगलं बोललेलं सोसत नाही," ती म्हणाली आणि भेंडी चिरायला गेली.

तर मी ठरवलं, तुझा सिनेमा परत बघायचा. थिएटर चालवणारे बादो मास्तर तो दर गुरुवारी चार वाजता लावतात, दोन महिने लावणार आहेत. मी आणि ओदिल गेलो. प्रेक्षक किती? नऊ. त्यात एक उन्हापासून पळून आलेला आणि एक मास्तर स्वतः. मास्तर दारात म्हणाले, "पारे, या खेपेला तोंडाला कुलूप."

"मास्तर, तुम्हाला हा सिनेमा कळला?"

"थोडा."

"मग सांगा ना!"

"सांगून कळला असता तर त्यानं दोन तास दहा मिनिटं कशाला घालवली असती? पत्रकच छापलं असतं."

मी गप्प बसलो. माझ्यासारखा माणूस गप्प बसतो म्हणजे काय, ते तुला माहीत आहे. माझे गुडघे दुखायला लागले. मी शोधत होतो की या तुंबेवाल्यावर नेमका अन्याय काय झालाय. कारण उघड आहे, सिनेमा दुःखाचा आहे. पण दुःख दिसेना! त्याला कुणी मारत नाही, हाकलत नाही, दगड भिरकावत नाही. बायका फुटके तुंबे घेऊन येतात. "सकाळ बरी गेली का? अंगाला आराम आहे ना? घरचे बरे आहेत ना?" सगळं रीतसर. तो रीतसर उत्तर देतो. त्या तुंबा खाली ठेवतात, दोन पावलं मागं सरतात, तो उचलतो. शिवून झालं की तो खाली ठेवतो, त्या उचलतात. "देव भलं करो." "देव भलं करो." गावप्रमुखसुद्धा त्याच्याशी आदरानं बोलतो. असं वागणं मला कुणी दिलं असतं तर मी तिथं घर बांधलं असतं. मग तो संध्याकाळी झाडाला कपाळ टेकून उभा का राहतो? काय दुखतंय त्याला?

आणि ती बकरी. ती डावीकडून उजवीकडे जाते, आपण रिकामा रस्ता बघत बसतो, मग ती उजवीकडून डावीकडे येते. का? ती काही विसरली होती का? मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "बकरी आहे ती." हे उत्तर आहे का?

एक तास होऊन गेल्यावर माझा डोळा लागला. खोटं कशाला बोलू. ओदिल तर तुंब्याच्या पहिल्या टाक्यालाच घोरायला लागली होती, मध्येच जागी झाली, थोडं बघितलं, परत झोपली. पण घरी आल्यावर ताटात बाजरीचा गोळा वाढताना एकदम म्हणाली, "तो जेवतो कुणाबरोबर?"

"कोण?"

"तुंबेवाला. त्याला सगळे जेवण आणून देतात, झाकून ठेवतात, जातात. त्याच्या वाडग्यात दुसऱ्या कुणाचा हात पडलेला दाखवलाच नाही."

मी म्हटलं, तू झोपली होतीस, तुला काय कळणार. पण मी पुढचा घास घेताना तिच्याकडे बघितलं, आणि तिनं माझ्याकडे.

तू मला 'माननीय' का लिहिलंस?
मातियास


कुदुगू, ९ मार्च

नोबिला,

या पत्रात मी थट्टा करणार नाही. करता येत नाहीये.

काल तिसऱ्यांदा गेलो. एकटाच. प्रेक्षक पाच. या आठवड्यात मला एक गोष्ट झाली होती, ती आधी सांगतो. सोमवारी बाजारात तुझा मेहुणा भेटला. मी लांबूनच ओरडलो, "अरे मोसी, अजून जिवंत आहेस? कुणी विकत घेतलं नाही वाटतं!" तो थांबला. टोपी काढली. "नमस्कार, पारे साहेब. घरचे बरे आहेत ना?" आणि गेला. त्याच्या पाठोपाठ किराणावाला मोसी, तोही तसाच. तू सांगून ठेवलंस की त्यांचं त्यांनी ठरवलं, मला माहीत नाही. मी बाजाराच्या मध्यभागी हातात कांदे घेऊन उभा राहिलो. माझ्याशी सगळे चांगलं बोलत होते. मला घरी जावंसं वाटेना आणि तिथं उभंही राहवेना.

हे पोटात घेऊन मी गुरुवारी थिएटरात बसलो, आणि पहिल्या बाईनं तुंबा खाली ठेवून "अंगाला आराम आहे ना?" म्हटलं, तेव्हा मला बाजारातले ते कांदे आठवले.

त्याची थट्टा कुणी करत नाही.

एवढंच आहे ना ते? त्याचं आडनाव कुणाला ठाऊक नाही. तो कुठून आला ठाऊक नाही. म्हणून तो कुणाचा थट्टेचा भाऊ लागत नाही, कुणाचा नातू लागत नाही, कुणी त्याला गुलाम म्हणू शकत नाही की कुणी त्याची टोपी पळवू शकत नाही. सगळे त्याच्याशी नीट बोलतात, कारण वाईट बोलायला नातं लागतं. आणि ती अकरा मिनिटं मला काल लांब वाटली नाहीत. सुई तुंब्यातून जाताना करकर आवाज येतो, तो मी पहिल्यांदाच ऐकला. दर टाक्याला तो रस्त्याकडे बघतो. दर टाक्याला. मी मोजत होतो, मग मोजायचं सोडून मीही रस्त्याकडे बघायला लागलो, कुणी येतंय का म्हणून. बकरी आली तेव्हा मला बरं वाटलं. परत गेली तेव्हा वाईट वाटलं. हे बरोबर आहे का? बकरीचं हेच आहे का? मला अजून खात्री नाही.

आणि मग, मी दुसऱ्या वेळी झोपलो होतो त्या जागी, एक म्हातारी येते. तुंबा घेते. मागं सरत नाही. शिवण डोळ्यांजवळ धरते, त्याच्याकडे बघते आणि म्हणते, "ही काय शिवण आहे? बकरीनं चघळून टाकलेला पाला बरा दिसतो!"

त्याचा हात हवेत थांबतो. तू कॅमेरा त्याच्या तोंडावर ठेवलायस आणि हलवत नाहीस. तो हसत नाही. त्याला विश्वासच बसत नाही. मग त्याचा खालचा ओठ लहान मुलासारखा थरथरतो, आणि तो म्हणतो, "मग डोळे नीट करून आण, म्हातारे."

नोबिला, ती मा तिपोको होती.

तुझी आई. दोन तास दहा मिनिटांत त्याची थट्टा करणारं एकच वाक्य, आणि ते तुझ्या आईच्या तोंडी. ती नवं कापड गुंडाळून, तांगिनहून तीस किलोमीटर मोपेडच्या मागं बसून, स्वतःचं ते वाक्य ऐकायला आली होती. आणि त्या वेळी तीनशे माणसं खिदळत होती, कारण मी त्यांना खिदळायला लावलं होतं. मी तिला पडद्यावर बघितलंसुद्धा नाही. मी मागं वळून उभा होतो. पहिल्या पत्रात हे लिहिलं नव्हतं. मी पडद्याकडे पाठ करून लोकांकडे तोंड करून उभा होतो आणि टोपी काढून वाकून दाखवत होतो.

आणि वर तुला लिहिलं, म्हातारीचे कान गेले.

अजून एक. हे लिहायला चार वेळा बसलो आणि चार वेळा उठलो. मी जे ओरडलो ती थट्टा नव्हती. शब्द थट्टेचे होते. तू सात वर्षांपूर्वी मला सांगितलं होतंस, सिनेमाला तुझा आवाज घेऊ. मी सगळ्या कुदुगूला सांगितलं. मग तू सिनेमा निवेदनाशिवाय केलास आणि मला ते तिकिटाच्या रांगेत दुसऱ्याकडून कळलं. थट्टेच्या पांघरुणाखालून मी तुला खरोखर चावलो. कायदा मीच मोडला. तू नुसता कागदावर उतरवून घेतलास.

आता काय करायचं ते मला कळत नाही. माफी मागू? थट्टेच्या नात्यात माफी नसते. तिला शब्दच नाही. मागितली तर मीच आपल्याला परके ठरवतो. न मागितली तर मी डुक्कर. तू सुशिक्षित आहेस, तू सांग.

मातियास


कुदुगू, २ एप्रिल, दुपार

नोबिला,

मागच्या पत्राला तुझी दोन ओळींची चिठ्ठी आली होती. 'आपला प्रामाणिकपणा भावला. आभारी आहे.' मी ती फाडली.

आज अकरा वाजता तुझा चुलतभाऊ रेडिओवर आला. मी म्हटलं, "काय रे, बैल हरवला?" त्यानं नुसता कागद पुढे केला. मला वाटलं, हाही माझ्याशी बोलत नाही. मग मी कागद वाचला.

साडेबाराच्या निवेदनांत मी ती बातमी वाचली. 'तांगिन येथील निकिएमा कुटुंब दुःखाने कळवते की.' सत्तावीस वर्षं मी 'दुःखाने कळवते की' म्हणतो आहे. आज 'की' म्हटलं आणि कागद खाली ठेवला. काचेपलीकडून तंत्रज्ञ हात हलवायला लागला. मग मी तिचं नाव वाचलं, वय वाचलं, उद्या सकाळी दहा वाजता अंत्यविधी हे वाचलं.

मी ईस्टरला तांगिनला जाणार होतो. तिला चघळायला कोलाच्या बिया घेऊन ठेवल्या होत्या. तिच्यासमोर बसून ते वाक्य तिच्या तोंडून ऐकणार होतो. मास्तरांना विचारलंही होतं की तांगिनला पडदा नेता येईल का. मास्तर म्हणाले, जनरेटर मिळाला तर. मी जनरेटर शोधत होतो. शोधत होतो म्हणजे दोघांना विचारलं होतं.

उद्या मी येणार आहे. तू नको म्हणालास तरी येईन, ती माझीही मा होती. पण तुला वचन देतो. मी तोंड उघडणार नाही. तिच्या मयतीला मी त्या दिवसासारखा तमाशा करणार नाही. पाहुण्यासारखा येईन, हात जोडून बसेन, माती टाकीन, जाईन. मी शिकलो आहे. एवढं मला करू दे.

हे पत्र तुझ्या चुलतभावाबरोबरच पाठवतो.
मातियास


कुदुगू, ६ एप्रिल

नोबिला,

तू तिथंच होतास, तरी लिहितो, कारण माझ्या बाजूनं ते कसं दिसलं ते तुला माहीत नाही. आणि मला तुझ्या बाजूनं कसं दिसलं ते माहीत नाही. म्हणून झोप उडाली आहे.

मी नऊ वाजता पोचलो. इस्त्रीचा सदरा घातला होता. दारातल्या म्हाताऱ्यांना एकेक करून नमस्कार केला. "देव तिला शांती देवो. तुमचं मन थंड होवो." एक म्हणाला, "हा सामो ना?" दुसरा म्हणाला, "असेल आजारी." मी कडुनिंबाखाली बाकावर बसलो, हात गुडघ्यांवर. तुझ्या मावश्या येता-जाता माझ्याकडे बघत होत्या. थोरली माझ्यासमोर मुद्दाम थांबली, मा तिपोकोचा डोक्याचा रुमाल हातात घेऊन, जणू विसरली की तो कुठं ठेवायचा. मी मान खाली घातली. मला वाटलं, मी किती शहाण्यासारखा वागतोय.

धर्मशिक्षकांची प्रार्थना झाली. तिला चटईत गुंडाळून बाहेर आणलं. अंगणाच्या कडेला खड्डा तयार होता. खांदेकरी चार पावलं चालले आणि थांबले. मला वाटलं, कुणाच्या पायात काटा गेला. ते थांबूनच राहिले. ऊन डोक्यावर आलेलं. कुणी हलेना. सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. सामोनं आडवं येऊन थट्टा केल्याशिवाय मोसी आपली मयत पुढे नेत नाहीत, आणि तांगिनमध्ये दुसरा सामो नव्हता. मला ते कळत होतं. आणि मी माझं वचन धरून बसलो होतो, दात आवळून. मला वाटलं, ही माझी परीक्षा आहे.

मग तू गर्दीतून माझ्याकडे आलास. डोळे सुजलेले. दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलंस. आणि हळू आवाजात, मला एकट्याला ऐकू जाईल असं म्हणालास, "मातियास, माझी आई काय उपरी होती?"

मी तिला पाणवठ्यापलीकडे नेऊन बसवलं होतं! ऐंशी वर्षं गावभर शिव्या दिलेल्या, शिव्या खाल्लेल्या बाईला शेवटी मी रीतसर 'देव भलं करो' म्हणत पुरायला निघालो होतो. तुझा सिनेमा मी तीनदा बघितला, आणि कळला म्हणून तुला पत्रही लिहिलं, आणि कळला नव्हता. त्या क्षणी कळला.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी थोरल्या मावशीच्या हातातला रुमाल हिसकावला, डोक्याला बांधला, आणि तिच्यासारखा लंगडत लंगडत चटईच्या आडवा गेलो. ओरडलो, "थांबा! हिला कुठं नेताय? हिनं मला बायको शोधून देईन म्हटलं होतं, शोधली ती ओदिल! हिशेब पुरा झाल्याशिवाय ही कुठं जात नाही!" मग मी खड्ड्यात उडी मारली आणि आडवा झालो. "ही जागा माझी आहे! मोसी लोकांना झोपायला दुसरी जागा नाही का?"

अंगण फुटलं. बायका हसत होत्या आणि छाती बडवत होत्या, दोन्ही एकदम. थोरली मावशी फोक घेऊन खड्ड्यात वाकली. "बाहेर ये, कुत्रेखाऊ! नाहीतर तुझ्यावर तिला घालीन! पण नको बाई, तुझी बडबड ऐकून ती उठून बसायची!" मी म्हटलं, बाहेर यायचं तर कोंबडा द्या. ती म्हणाली, कोंबडी देते, तीही आंधळी. मी म्हटलं, मग मी इथंच म्हातारा होतो. त्या घासाघिशीत माझ्या डोळ्यांत माती गेली आणि बरं झालं गेली.

खड्ड्यातून मला तू दिसत होतास. माझ्याकडे पाठ करून उभा होतास. खांदे हलत होते. तू हसत होतास की रडत होतास, ते मला खालून कळलं नाही.

चौघांनी मला ओढून काढलं. तिला खाली ठेवलं. मी माती टाकली. मग म्हाताऱ्यांनी तुला घेरलं, मला परतीची गाडी मिळाली, तू नुसता हात हातात घेतलास.

मला कळत नाहीये, नोबिला. तू मला 'मातियास' म्हणालास, 'श्रीयुत' नाही. पण ते तिच्यासाठी होतं की माझ्यासाठी? मयतीच्या दिवशी माणूस रीत पाळतो. सामो नसेल तर वाटेवरचा सामो धरून आणतात. मी तुझ्यासाठी तसा कुणीतरी सामो होतो, की मी होतो? ओदिल म्हणते, जास्त विचार करू नका. बादो मास्तर म्हणतात, परत या गुरुवारी.

गुरुवारी सिनेमा शेवटचा आहे. जाणार आहे. पण त्यातून मला हे उत्तर मिळणार नाही, एवढं आता कळतं.

मातियास


कुदुगू, १६ एप्रिल

नोबिला,

आज तुझ्या कुटुंबाचं आभाराचं निवेदन आलं. पाकीट बंद होतं आणि वर लिहिलं होतं, 'फक्त साडेबाराला, थेट प्रसारणात उघडावे.' आमचे संचालक म्हणाले असं चालत नाही. मी म्हटलं, शोकातलं घर आहे, साहेब.

मी माईकसमोर पाकीट फाडलं आणि वाचायला लागलो. गावप्रमुखांचे आभार. धर्मशिक्षकांचे आभार. ज्यांनी ज्वारी, बकऱ्या, लाकूड, खुर्च्या दिल्या त्यांचे आभार. दूर राहणाऱ्या नातेवाइकांचे आभार. मी वाचत होतो आणि डोळ्यांनी पुढं पळून माझं नाव शोधत होतो. यादी संपली. नाव नव्हतं. माझा आवाज नेहमीसारखा चालू होता. पान उलटलं.

मग मी सगळ्या प्रांताला, माझ्याच आवाजात, पुढचं ऐकवलं:

'एका सामोचे मात्र हे कुटुंब आभार मानत नाही. त्याला खड्ड्यातून काढायला चार माणसे लागली, पैकी एकाची कंबर अजून धरलेली आहे. त्याने आमच्या आईची नक्कल अत्यंत वाईट केली. ती डाव्या पायाने लंगडायची, हा उजव्या पायाने लंगडला. तीस वर्षे तिच्या हातचे खाऊन याला एवढेही दिसले नाही. देवाने याला घसा दिला, डोळे द्यायला विसरला. अशा माणसाचा आवाज मी माझ्या सिनेमात घेतला नाही, हे किती बरे केले. हे मी त्याला तोंडावर सांगायला हवे होते, तेवढी चूक माझी. त्याने येत्या शनिवारी राजधानीत, वागाला, सिनेमाच्या खेळाला यावे, माझ्या शेजारी बसावे, आणि तिचे वाक्य येईल तेव्हा ऐकावे. कळावे, त्या गाढवाचा मालक, नोबिला.'

काचेपलीकडे तंत्रज्ञ टेबलावर डोकं ठेवून हसत होता. फोन वाजायला लागले. संचालक दार उघडून हातवारे करत होते, बंद कर, बंद कर.

नियमाप्रमाणे निवेदन दोनदा वाचायचं असतं. मी तीनदा वाचलं.